उलटी टाळी

भिवंडीजवळच्या शेलार गावात केसरीनाथ तरेला त्याच्या पाठीमागे कुणी केसरीनाथ म्हणत नसे. म्हणत रोलनाथ. पंचावन्न वर्षांचा माणूस, जवळच्या वडपे गावातल्या गोदामात सुपरवायझर, डोक्यावर मोजकेच केस, आणि बोलायला बसला की विषय एकच: रॉक अँड रोल कुठून आलं. एकदा लग्नाच्या पंगतीत त्याने हे पुराण लावलं, तेव्हा शेजारी बसलेल्या लडकूशेठने, जन्मभर कोऱ्या कापडाचा धंदा केलेल्या माणसाने, अगदी गंभीरपणे विचारलं, "माल चांगला हाय काय रं? एक रोल किती मीटरचा येतो?" पंगत हसून लोळली आणि नाव पडलं ते पडलंच.

केसरीनाथला त्याचा राग नव्हता. ज्याला वेड लागतं त्याला नाव ठेवलेलं कळत नाही, हे एक बरं असतं. त्याचं वेड दहावीतलं. भिवंडीतल्या शाळेत इंग्रजी शिकवणारे वैद्य सर होते, सगळे त्यांना भाऊ म्हणत. त्यांच्या घरी रेकॉर्ड होत्या. एका शुक्रवारी, गावातले सगळे लूम, कापड विणायची यंत्रं, सुट्टीमुळे गप्प असताना, भाऊंनी एक काळी तबकडी लावली आणि पोराला बसल्या जागी घाम फुटला. गाण्यातलं इंग्रजी त्याला ओ की ठो कळलं नाही. पण त्या ढोलाची खटखट ओळखीची होती. घरच्यासारखी होती.

तिथून चाळीस वर्षं त्याने त्या खटखटीचं मूळ शोधलं. आधी पुस्तकं, मग इंटरनेट. दोनशे पानी सहा वह्या भरल्या, मराठीत. वाचनालयात एकदा व्याख्यानही दिलं, श्रोते सतरा, त्यातले चार पावसाला थांबलेले. तो सांगायचा की हे संगीत कुणी एकाने एका सकाळी काढलेलं नाही. तिकडे अमेरिकेच्या दक्षिणेत कापसाच्या शेतात काळी माणसं राबत होती, गुलामांची नातवंडं-पतवंडं. कुदळ पडायची, कुदळ उचलली जायची, आणि त्या मधल्या रिकाम्या जागेत गाणं व्हायचं. रविवारी चर्चमध्ये त्यांच्या बायका टाळी धरायच्या, ती पहिल्या ठोक्यावर नाही, दुसऱ्यावर आणि चौथ्यावर. मग शेतात कापूस वेचायचं यंत्र आलं, माणसं शहरात गेली, गाण्याला पियानो लागला, विजेची गिटार लागली. वादकांच्या एका टोळीचा स्पीकर प्रवासात फाटला, त्यांनी आत कागद कोंबले आणि तसाच वाजवला, तर लोक त्या फाटक्या आवाजालाच भुलले. हे सांगताना केसरीनाथ हमखास उभा राहायचा. "म्हणजे काय? ज्याला आपण खोट म्हणतो तेच गाणं होतं! मग कंपन्या आल्या, गोरे गायक आले, नावं झाली. टाळी धरणाऱ्या बायांचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही."

आणि शेवटी तो म्हणायचा, पहिलं रॉक अँड रोल गाणं कोणतं हा प्रश्नच खोटा आहे. विचारायचं तर विचारा, पहिली उलटी टाळी कुणाची. ते कुणालाच सांगता यायचं नाही, कारण ती पडली तेव्हा तिथे ओळखणारं कुणी हजर नव्हतं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. त्याची चुलती सीताबाई शेजारच्याच घरात राहायची, आणि ती पन्नास वर्षं उलटी टाळी वाजवत होती.

सीताबाई गावची धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात भटजी असो नसो, धवलारीण लागते. ती धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाते, देवांना बोलावते, नदीला, विहिरीला, गाईला, मामाला आवतण देते, आणि तिच्या गाण्यानेच हळद लागते, तिच्या गाण्यानेच लग्न लागतं. सीताबाईला चार दिवसांचं अख्खं लग्न तोंडपाठ होतं. पंचक्रोशीत असं पुरतं लग्न येणारी ती शेवटची. एरवी ती दारात बसून कांड्या भरायची, म्हणजे धोट्यात घालायच्या लाकडी कांड्यांवर सूत गुंडाळायची. घराच्या भिंतीला लागूनच लूमचा कारखाना होता. भिंतीपलीकडचा पहिला लूम इतका जवळ, की फळीवरची भांडी त्याच्या तालावर नाचायची. त्या खटखटीत ती धवले घोळायची आणि हात मोकळा झाला की टाळी धरायची.

केसरीनाथ ते लहानपणापासून ऐकत होता आणि त्याने ते कधीच ऐकलं नव्हतं. गेल्या वर्षी एका दुपारी जेवून हात धुता धुता त्याच्या हातातला तांब्या तसाच राहिला. लूमचा ठोका पडत होता आणि काकीची टाळी बरोबर त्याच्या मधे, किंचित उशिरा, जणू दाराशी थांबून मग आत यावं तशी पडत होती. दुसऱ्यावर आणि चौथ्यावर.

"काकी, तुझी टाळी उलटी का पडते?"

"माजी कनाला उलटी? त्याची उलटी परते." तिने भिंतीकडे मान उडवली. "तो मेला मारतो तवा मी मारली तं कोनाला ऐकू येल? तो दम खातो तवा मी मारते. येवरी वरसं झाली, त्याचा नि माजा तंटा न्हाय."

केसरीनाथ ओट्यावर बसला आणि लहान पोरासारखा रडला. काकीला वाटलं गोदामातून काढलं. त्याला तिला कसं सांगावं कळेना, की समुद्रापलीकडे शंभर वर्षांमागे जे झालं आणि कुणी पाहिलं नाही, ते इथे झालं होतं आणि त्याने पाहिलं होतं.

त्याने रेकॉर्डिंग करायचं ठरवलं. काकी तयार होईना. लग्नाशिवाय धवला गायचा नसतो, अवलक्षण. शेवटी तोडही तिनेच काढली. पाटावर दोन सुपाऱ्या मांडल्या, त्यांना हळद लावली, एकीला कुंकू लावलं आणि त्यांचं लग्न लावायला बसली. पाच दुपारी तिने दोन सुपाऱ्यांचं अख्खं लग्न गायलं. केसरीनाथने मोबाइल तिच्यापुढे उशीवर ठेवला होता. लाइटीचा दाब कमी झाला की लूम मंद व्हायचा आणि काकीही त्याच्यासोबत मंद व्हायची. मधे शुक्रवार आला. लूम बंद. काकीने दोन वेळा टाळीला हात उचलला आणि तसाच खाली ठेवला. "आज जागा गावत न्हाय," म्हणाली. त्या दिवशी सुपाऱ्या तशाच बसून राहिल्या.

दिवाळीनंतर कारखाना विकला गेला. लूम हातोड्यांनी फोडून भंगारात वजनावर गेले आणि जागेवर गोदामाची निळी शेड उभी राहिली. माघात काकीला लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. चार दिवसांचं लग्न तिच्या आत राहिलं असेल किंवा नसेल, बाहेर मात्र एक अक्षर येईना. डावा हात तेवढा चालायचा. खाटेच्या लोखंडी पट्टीवर तो अधूनमधून पडायचा, थांबायचा, पडायचा.

आता उरलं होतं ते मोबाइलमधलं. एवढंसं कार्ड, नखावर मावेल इतकं.

वैशाखात तिच्या नातीचं, हेमालीचं लग्न ठरलं. आजीने तिला पाळण्यात असताना शब्द दिला होता, तुझं लगीन मी लावीन. हेमाली केसरीनाथकडे आली. "काका, मला दुसरी धवलारीण नको. आजीचंच लावू या. आहे ना तुमच्याकडे सगळं?"

"आहे ना! अख्खं आहे!" केसरीनाथची छाती फुगली. "बघ तू. तुझी आजीच तुझं लग्न लावेल."

मांडव पडायच्या आठ दिवस आधी त्याने मोठ्या स्पीकरवर वाजवून पाहिलं, आणि तिथेच घोळ झाला. हेमालीची आई, म्हणजे काकीची सून रीमा, पदराने कान झाकत बाहेर आली. "भावोजी, यो काय गिरनी लावलीव काय? आयेचा आवाज कुठं हाय यान? नवऱ्याकडची मानसं डोंबिवलीची, इंजिनेर. हसतील नं!"

खरंच लूमचा ठोका त्या स्पीकरवर खडी फोडायच्या मशीनसारखा आदळत होता. आणि केसरीनाथला लाज वाटली. हे लिहिताना वाईट वाटतं, पण वाटली. चाळीस वर्षं फाटक्या स्पीकरचं कौतुक सांगणाऱ्या माणसाला स्वतःच्या घरच्या खटखटीची, डोंबिवलीच्या चार इंजिनियरांपुढे, लाज वाटली. दुसऱ्याच्या घरची खोट माणसाला कला वाटते, स्वतःच्या घरची ती खोटच.

तो भूपेशकडे गेला. भूपेशचं भिवंडीत साऊंडचं दुकान होतं, हळदीचा डीजेही तोच होता. पोरगा कामाचा चोख. केसरीनाथने कार्ड त्याच्या हातात दिलं आणि बजावलं, "आवाजाला हात लावू नको. खटखट तेवढी काढ." निघता निघता, गोदामाची सवय, आणखी एक वाक्य बोलला. गोदामात एकाच मालाचे दोन नग दिसले की हमखास चुकीचा नग बाहेर जातो, म्हणून तिथे नवीन आला की जुना काढायचा हा नियम होता. "आणि दोन-दोन फायली ठेवू नको हां. घोळ होतो."

हळदीच्या दिवशी सकाळी कार्ड परत आलं. केसरीनाथने दार लावून कानाला हेडफोन लावले.

काकी गाऊ लागली. खटखट नव्हती, धूळ उडून गेल्यासारखा तिचा आवाज समोर आला होता, श्वाससुद्धा ऐकू येत होता. त्याचे डोळे भरले. पहिला धवला संपला, दुसरा लागला. त्याला जाणवलं की आपला पाय हलत नाहीये. त्याला वाटलं मन थाऱ्यावर नाही म्हणून असेल. त्याने पुन्हा लावलं आणि या वेळी फक्त टाळी ऐकली.

टाळी पहिल्यावर पडत होती. पहिल्यावर आणि तिसऱ्यावर. घड्याळासारखी, शाळेच्या कवायतीसारखी, सरळ.

तो तसाच चपला न घालता मांडवात धावला. भूपेश स्टेजमागे वायरी जोडत होता.

"टाळीला काय केलंस?"

"काका, ऐकलं? मक्खन ना एकदम?" भूपेश उठून उभा राहिला, तोंडभर हसत. "खटखट काढली ना, तर टाळी उघडी पडली. सगळी ऑफ जात होती. म्हटलं म्हातारीला लोक हसतील, आधीच तिची अशी हालत. तीन दिवस बसलो काका. एक एक टाळी धरून जागेवर आणली. बाराशे टाळ्या असतील. त्याचं काही लावत नाही मी, आजीचं काम होतं."

"आधीचं कुठंय?"

"त्याच्यावरच सेव्ह केलं ना. तुम्हीच बोललात, दोन फायली नको."

"कॉम्प्युटरवर असेल. कुठेतरी असेल. बघ ना रे बाबा."

भूपेशचं हसू हळूहळू उतरलं. त्याने लॅपटॉप उघडला, शोधलं, पुन्हा शोधलं. दुकानात फोन लावला. मग त्याने नुसती मान हलवली. "काका, चूक होती ना ती? टाळी चुकतच होती ना?"

केसरीनाथने शिवी द्यायला तोंड उघडलं. पण द्यायची कुणाला? या पोराने तीन दिवस डोळे फोडून म्हातारीची अब्रू राखली होती. रीमाने सासूचा आवाज ऐकू यावा म्हणून तोंड उघडलं होतं. शिवी एकाच माणसाची होती आणि तो अनवाणी उभा होता. खटखट तेवढी काढ. हे तीनच शब्द. कापसाच्या शेतापासून वैद्य सरांच्या तबकडीपर्यंत जे समजायला त्याला चाळीस वर्षं लागली होती, ते त्याने तीन शब्दांत पुसलं होतं. लूम काढला तर टाळीला जागाच राहत नाही, हे साऱ्या जगात एका माणसाला ठाऊक होतं, आणि नेमकं त्यानेच सांगितलं होतं, काढ.

"नाही रे," तो म्हणाला. "काम चांगलं केलंस."

त्याला वाटलं, हेमालीला सांगावं, हे लावू नका. तो तिच्याकडे गेलाही. ती पिवळी साडी नेसून, हातात नारळ धरून बसली होती आणि त्याला पाहून अशी हसली, की पुढे बोलायचं राहून गेलं. तिला आजीचा आवाज हवा होता. आवाज होता. उलटी टाळी तिने मागितलीच नव्हती. ती कुणीच मागितली नव्हती.

दुपारी चारला हळद सुरू झाली. सीताबाईची खाट मांडवात आणून पाटाजवळ ठेवली. भूपेशने बटण दाबलं आणि सीताबाईचा आवाज मांडवभर भरला. बायांनी डोळ्यांना पदर लावले. डोंबिवलीच्या पाहुण्यांनी मोबाइल वर धरले. "काय क्लिअर आहे हो रेकॉर्डिंग," त्यांच्यातला एक जण म्हणाला. खाटेवरची सीताबाई स्वतःचा आवाज ऐकत होती. तिचे डोळे हलले, छताकडे गेले, मग स्पीकरकडे. तिने ओळखलं होतं.

आणि तिचा डावा हात उचलला गेला.

तो खाटेच्या पट्टीवर पडला. स्पीकरमधली टाळी पडून गेल्यावर, मधल्या रिकाम्या जागेत, किंचित उशिरा. पुन्हा पडला. केसरीनाथच्या अंगावर काटा आला. टाळी होती! कार्डात नव्हती, पण त्या हाडकुळ्या हातात जशीच्या तशी जिवंत होती. त्याला काय करावं सुचेना. मोबाइल काढावा? तो लोखंडाचा टणत्कार एवढ्या आवाजात कसा यायचा? त्याला वाटलं, आपण तिला साथ द्यावी, म्हणजे तिचा हात टिकेल. त्याने तळहात पुढे केले आणि जागा शोधू लागला. एक चुकली. दुसरी चुकली. तिसरी स्पीकरबरोबर पडली, सरळ. सहा वह्या भरलेला माणूस, उलट्या टाळीवर दीड तास बोलणारा, त्याला ती वाजवता येत नव्हती. भिंतीपलीकडे लूम नव्हता. त्याचे हात पुन्हा पुन्हा सरळ टाळीतच जाऊन पडत होते, आणि सीताबाई त्याच्याकडे बघत होती.

आजूबाजूच्या बाया हसू लागल्या, मायेने. "आजीचा हात चुकतंय गो," कुणीतरी म्हणालं.

रीमा खाटेशी बसली. तिने सासूचा हात आपल्या हातात घेतला, जसा पोराला पाटीवर गिरवायला शिकवताना धरतात. "अशी, आये. अशी." आणि स्पीकरच्या टाळीबरोबर तो हात पट्टीवर आपटला. "अशी."

केसरीनाथ उठला. त्याला ओरडायचं होतं, सोड तो हात. दोनशे माणसं, नवरीच्या गालाला हळद, सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी. काय सांगणार होता तो त्यांना? कापसाच्या शेताची गोष्ट? तो उभाच राहिला.

सीताबाईच्या हाताने दोनदा रीमाच्या मुठीत ओढ घेऊन पाहिली, मागे राहायला, थोडं थांबायला. मग ओढ कमी झाली. तिसरा धवला लागला तेव्हा रीमाने हात सोडून दिला. तो आपला आपण पडू लागला. पहिल्यावर, तिसऱ्यावर. सरळ, स्पीकरबरोबर, एकही न चुकता.

"बघा, बघा, आली जागेवर!" बायांनी टाळ्या धरल्या. सगळा मांडव एका ठोक्यात वाजू लागला.

हेमाली हळदीने माखलेला चेहरा वळवून काकाकडे बघत होती. तिचे डोळे आनंदाने भरले होते. "काका," ती पाटावरूनच म्हणाली, "शेवटी आजीला बरोबर जमलं ना?"

"हो," केसरीनाथ म्हणाला, "जमलं."